शरीरसंस्थांचा अभ्यास पेशीपासून सुरू करावा

शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा अभ्यास नव्याने सुरू केलेल्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. एका पुस्तकात शरीराच्या आठ संस्था सांगितलेल्या असतात, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात अकरा. मग नेमक्या किती? त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची कोणती? आणि प्रत्येकीची कार्ये पाठ करूनही चार दिवसांत विसरली जातात, त्यावर उपाय काय? मी गेली तीस वर्षे रुग्ण तपासत आलो आहे आणि त्यातला बराच काळ शरीरक्रियाशास्त्र शिकवतही आलो आहे. हे तीनही प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघतात, आणि तिसऱ्याचे उत्तर नीट मिळाले की पहिले दोन आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे.

संख्येचा प्रश्न आधी बाजूला करू. आज बहुतेक ठिकाणी अकरा संस्था मोजल्या जातात: त्वचा, अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, चेतासंस्था, अंतःस्रावी ग्रंथींची संस्था, रक्ताभिसरण संस्था, लसीका व रोगप्रतिकार संस्था, श्वसनसंस्था, पचनसंस्था, मूत्रसंस्था आणि प्रजननसंस्था. कोणी अस्थी व स्नायू एकत्र धरतो, कोणी लसीकेला रक्ताभिसरणात घेतो, म्हणून आकडा बदलतो. शरीर मात्र तेच राहते. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी माणसाने केलेली आहे आणि अनेक अवयव तिला जुमानत नाहीत. स्वादुपिंड आतड्यात पाचकरस सोडते म्हणून ते पचनसंस्थेचे, आणि रक्तात इन्सुलिन सोडते म्हणून अंतःस्रावी संस्थेचेही. ज्या पेशीपुंजांतून इन्सुलिन येते त्यांचे वजन संपूर्ण स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के असते, पण ते नष्ट झाले तर परिणाम डोळ्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणवतात. हाडे आधार देतात, पण त्यांच्यातील मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. मग हाडांना रक्ताच्या प्रकरणातून वगळायचे कसे? तेव्हा परीक्षेत आपल्या नेमलेल्या पुस्तकातील आकडा लिहावा आणि त्याची अधिक चिंता करू नये.

आता मुख्य मुद्दा. कार्ये विसरली जातात याचे कारण आपण ती यादीच्या रूपात, उत्तरे म्हणून शिकतो. ती ज्या प्रश्नांची उत्तरे आहेत ते प्रश्न कोणी आधी मांडत नाही. म्हणून मी नेहमी एका पेशीपासून सुरुवात करतो. डबक्यात राहणारा एकपेशीय जीव डोळ्यांसमोर आणा. त्याला लागणारा ऑक्सिजन आणि अन्न भोवतालच्या पाण्यातून मिळते आणि त्याची घाणही त्याच पाण्यात जाते. त्याला फुप्फुस नको, हृदय नको, मूत्रपिंड नको. आपल्या शरीरात मात्र ३० लाख कोटींहून अधिक पेशी एकमेकींना चिकटून राहतात. त्यांपैकी प्रत्येकीची गरज त्या एकट्या जीवासारखीच आहे, पण खोलवरच्या पेशीला बाहेरचे जग दिसतही नाही. तिच्याभोवती असते ते थोडेसे खारट पाणी. ७० किलो वजनाच्या माणसात एकूण सुमारे ४२ लिटर पाणी असते, त्यातील २८ लिटर पेशींच्या आत आणि सुमारे १४ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या या १४ लिटरांपैकी ३ लिटर रक्तद्रवाच्या, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाच्या, रूपाने वाहत असते आणि उरलेले पेशींच्या फटींमध्ये मुरलेले असते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या पाण्याला शरीराचा आंतरिक परिसर म्हटले. हा परिसर स्थिर राहतो म्हणूनच प्राणी बाहेरच्या बदलत्या जगात मोकळेपणाने जगू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी या स्थिरतेला जे नाव दिले, त्याला आपण मराठीत समस्थिती म्हणतो. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, रक्ताचा आम्ल-अल्कली निर्देशांक ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान, उपाशीपोटी रक्तातील साखर साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर: या मर्यादा आपल्या तपासणीच्या कागदावर छापलेल्या असतात खऱ्या, पण मुळात त्या पेशीभोवतीच्या पाण्याच्या मर्यादा आहेत. मग प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारायचा: या पाण्यात तू काय आणून टाकतेस, त्यातून काय काढून नेतेस, किंवा त्याची राखण कशी करतेस? तिचे कार्य या प्रश्नाच्या उत्तरातच असते.

पचनसंस्था अन्न आणते हे सर्वांना माहीत असते, परंतु आतड्याची पोकळी ही खरे तर शरीराच्या बाहेरची जागा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी असते. त्या नळीतला घास तिच्या भिंतीतून आत शोषला जाईपर्यंत पेशींच्या दृष्टीने आलेलाच नसतो. म्हणून चावणे, जठरातील आम्ल, यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस ही सगळी धडपड मोठे रेणू लहान करून भिंतीपार नेण्यासाठी असते. या कामासाठी शरीर स्वतःचेच पुष्कळ पाणी नळीत ओतते. पिण्याचे पाणी आणि सर्व पाचकरस मिळून दिवसाला सात ते नऊ लिटर द्रव आतड्यात येतो आणि मलावाटे त्यातील जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर जातो. बाकीचे सारे परत शोषले जाते. हे शोषण बिघडले की काय होते ते तीव्र जुलाबात दिसते. काही तासांत रक्तद्रव आटतो, रक्तदाब उतरतो, मूत्र बंद होते आणि पचनाचा आजार म्हणून आलेल्या रुग्णाला रक्ताभिसरण व मूत्रपिंडे वाचवण्याचे उपचार द्यावे लागतात.

आतड्यातून शोषलेले अन्नरस घेऊन निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश या मार्गाने येते. जेवणानंतरची जादा साखर यकृत साठवते आणि रात्री आपण झोपलेले असताना ती थोडी थोडी सोडत राहते, म्हणून आठ तास काही न खाताही मेंदूला साखर कमी पडत नाही. यकृताची इतर कामे मोजत बसलो तर स्वतंत्र लेख होईल.

रक्ताभिसरणाकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे, कारण बाकी सर्व संस्था पेशीपर्यंत पोहोचतात त्या याच वाटेने. रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत जाऊन तेथेच संपते, हे ग्रीक वैद्य गेलेन यांचे मत सुमारे चौदाशे वर्षे मानले जात होते. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये ते खोडून काढले, आणि त्यांच्या युक्तिवादातील एक मोठा आधार साध्या गुणाकाराचा होता. आजच्या आकड्यांनी तो करून पाहा. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके देते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. शरीरात एकूण रक्तही पाच लिटरच असते. दर मिनिटाला पाच लिटर नवे रक्त बनवण्याइतके अन्न कोणी खात नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतून शिरांत रक्त कसे जाते हे हार्वी यांना दिसले नव्हते. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील वैद्य मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला. मला हा प्रसंग शिकवायला आवडतो, कारण त्यातून विद्यार्थ्याला कळते की शरीराबद्दलचे मोठे सत्य कधी कधी केवळ नीट मोजल्याने हाती लागते.

या केशवाहिन्यांतच खरा व्यवहार होतो. शरीरातील बहुतेक पेशी कोणत्या ना कोणत्या केशवाहिनीपासून एक-दशांश मिलिमीटरच्या आत असतात, आणि एवढ्या अंतरात ऑक्सिजन व साखर आपसूक झिरपत पोहोचतात. हृदय, धमन्या, झडपा, रक्तदाब ही सगळी व्यवस्था त्या शेवटच्या अंशभर मिलिमीटरपर्यंत रक्त नेण्यासाठी आहे. झिरपलेल्या पाण्यापैकी सगळे केशवाहिन्यांत परतत नाही. दिवसाला दोन ते चार लिटर मागे राहते आणि ते गोळा करून पुन्हा रक्तात आणण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. वाटेत ते लसीकाग्रंथींतून गाळले जाते आणि तेथे पांढऱ्या पेशी त्यात जंतू आहेत का ते तपासतात. घसा दुखत असताना जबड्याखाली लागणारी गाठ हे या तपासणीचेच चिन्ह असते.

श्वसनाबाबत एक गैरसमज फार पक्का आहे. श्वास रोखल्यावर जी असह्य तगमग होते ती ऑक्सिजन संपल्यामुळे होते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती प्रामुख्याने रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो साचला की रक्त आम्लधर्मी होऊ लागते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील श्वसनकेंद्राला ते लगेच कळते आणि छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, आज्ञा जाते. म्हणजे फुप्फुसे हवा आणतात तशीच रक्ताची आम्लता दर मिनिटाला सांभाळतात. दुसरी गोष्ट उथळ श्वासाची. आपण एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो, पण त्यातील १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते. फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, ३५० पोहोचते. मिनिटाला असे १२ श्वास घेतले तर वायुकोशांना ४.२ लिटर ताजी हवा मिळते. तीच एकूण ६ लिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांत घेतली, तर वायुकोशांना केवळ २.४ लिटर मिळते. रुग्ण भराभर श्वास घेतो आहे, म्हणजे त्याला पुरेशी हवा मिळत असेल, असे समजणाऱ्या प्रत्येक नवशिक्या सहकाऱ्याला मी हा हिशेब कागदावर करायला लावतो.

मूत्रपिंडांबद्दल मला विशेष आस्था आहे, आणि तिला कारण आहे. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसभरात ती १८० लिटर द्रव गाळतात, म्हणजे आपला तीन लिटर रक्तद्रव साठ वेळा गाळला जातो, आणि त्यातील एक-दीड लिटर सोडून बाकी सारे ती परत घेतात. आधी जवळजवळ सगळे बाहेर ठेवायचे आणि मग हवे तेवढेच निवडून आत घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. तिचा फायदा असा की, शरीराला पूर्वी कधीही न भेटलेला एखादा अपायकारक लहान रेणूही, तो परत घेण्याची सोयच नसल्यामुळे, सहसा मूत्रावाटे निघून जातो. मूत्रपिंडांना केवळ गाळणी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. रक्तातील ऑक्सिजन कमी पडू लागला की तीच एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप, सोडून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगतात. ड जीवनसत्त्वाला अंतिम कार्यक्षम रूप तीच देतात. रक्तदाबाचे दीर्घकालीन नियमनही मुख्यतः त्यांच्याकडे आहे. म्हणून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला रक्तक्षय होतो, त्याची हाडे ठिसूळ होतात आणि रक्तदाब चढतो. यादी पाठ करणाऱ्याला ही तीन वेगळी प्रकरणे वाटतात.

एवढे सगळे एकमेकांशी जुळते कसे, याचे उत्तर चेतासंस्था आणि अंतःस्रावी संस्था या दोघी मिळून देतात. चेतासंस्था तारेने निरोप पाठवते. वेगवान चेतातंतूंत तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो आणि ठरलेल्या ठिकाणीच पोहोचतो. संप्रेरके रक्तात सोडली जातात, सगळीकडे फिरतात, आणि ज्या पेशीजवळ ती ओळखणारा ग्राहक रेणू असेल तीच पेशी प्रतिसाद देते. असे रासायनिक निरोप असतात हे इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये दाखवले. आतड्याच्या एका तुकड्याच्या सर्व चेता तोडूनही त्यात आम्ल घातल्यावर स्वादुपिंडातून रस वाहू लागला, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता.

चेतासंस्थेचे काम स्वतःवर पाहायचे असेल तर सोपा प्रयोग आहे. पाच मिनिटे पडून राहा, मनगटावरची नाडी मोजा, मग उभे राहून लगेच पुन्हा मोजा. ती दहा-वीस ठोक्यांनी वाढलेली आढळेल. उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांच्या व पोटाच्या शिरांकडे उतरते, मानेतील धमनीच्या भिंतीत असलेल्या दाबसंवेदकांना ताण कमी झाल्याचे कळते, लंबमज्जा हृदयाची गती वाढवते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. हे सारे काही सेकंदांत होते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. वृद्ध माणसे किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे रुग्ण अंथरुणातून एकदम उठल्यावर भोवळ येऊन पडतात, तेव्हा हीच प्रतिक्रिया उशिरा किंवा अपुरी झालेली असते.

स्नायू, हाडे आणि त्वचा यांची मुख्य कामे सर्वपरिचित असल्याने मी थोडक्यात लिहितो. सहाशेहून अधिक स्नायू आणि २०६ हाडे मिळून हालचाल होते. पण हाडे ही शरीरातील कॅल्शियमची कोठीही आहे. ९९ टक्के कॅल्शियम तेथे असते आणि रक्तात ते कमी पडले तर शरीर हाड झिजवून ते भरून काढते, कारण हृदयाच्या आणि चेतांच्या कामाला रक्तातील पातळी ढळून चालत नाही. स्नायूंच्या कामातून पुष्कळ उष्णता निर्माण होते आणि त्वचा घामाने व रक्तप्रवाह वाढवून ती बाहेर टाकते.

आता महत्त्वाच्या संस्थेविषयी. हा प्रश्न मी असा बदलून घेतो: एखादी संस्था थांबली तर आपल्याला किती उसंत मिळते? हृदय थांबले तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. श्वास थांबला तरी अवधी मिनिटांचाच असतो. मूत्रपिंडे पूर्ण बंद पडली तर दिवस हातात असतात. अन्न मिळाले नाही, पण पाणी मिळत राहिले, तर आठवडे. हा क्रम श्रेष्ठ-कनिष्ठाचा नाही, साठ्याचा आहे. शरीराजवळ चरबीचा मोठा साठा असतो, ऑक्सिजनचा जवळजवळ नसतो. कोसळलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी सर्वांआधी का पाहतात, हे यातून कळते.

रुग्णाजवळ उभे राहिल्यावर संस्थांच्या सीमा किती पुसट असतात, हे धाप या एका लक्षणावरून सांगतो. धाप लागली की रुग्ण छातीकडे बोट दाखवतो. दोष फुप्फुसात असू शकतो, किंवा हृदयाचा डावा भाग थकल्यामुळे फुप्फुसांत पाणी साठलेले असू शकते. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेले असू शकते. एक लिटर रक्त हिमोग्लोबिनच्या आधाराने सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहते आणि त्याच्याविना केवळ ३ मिलिलिटर, एवढे म्हटले म्हणजे पुरे. आणि कधी कधी फुप्फुस, हृदय, हिमोग्लोबिन सगळे ठीक असूनही रुग्ण खोल, जोरकस श्वास सतत घेत असतो. जर्मन वैद्य आडोल्फ कुस्मॉल यांनी १८७४ मध्ये वर्णिलेला हा श्वास मधुमेहाच्या रुग्णात दिसतो. इन्सुलिनअभावी पेशी चरबी जाळतात, त्यातून आम्ले साठतात आणि फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ती आम्लता उतरवण्याची शिकस्त करत असतात. तेथे ऑक्सिजनची नळी लावून मूळ आजार हटत नाही. शिरेतून द्रव आणि इन्सुलिन द्यावे लागते. पेशीभोवतीच्या पाण्याचा विचार करायची सवय असलेल्याला हे निदान लवकर सुचते.

प्रजननसंस्था मी शेवटी ठेवली, कारण व्यक्तीच्या जगण्यासाठी तिची गरज नाही आणि तरीही सर्व संस्थांना एकत्र कामाला लावणारा क्षण तिच्यामुळेच येतो. गर्भाशयातील बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. त्याला ऑक्सिजन देणे, साखर पुरवणे आणि घाण काढून नेणे ही कामे वार, म्हणजे बाळाला नाळेने जोडलेला गर्भाशयातील अवयव, करत असते, म्हणून फुप्फुसांकडे फार थोडे रक्त जाते. बाकीचे रक्त हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे कर्णिकांमधील, एका छिद्रातून आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणाऱ्या एका नलिकेतून परस्पर पुढे निघून जाते. जन्मल्यावर बाळ पहिला श्वास घेते, वायुकोश फुलतात, फुप्फुसांतील वाहिन्या मोकळ्या होतात आणि तेथून परतणाऱ्या रक्ताच्या दाबाने कर्णिकांमधील छिद्रावरचा पडदा मिटतो. रक्तातील ऑक्सिजन वाढल्याने ती नलिकाही आकसू लागते आणि वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळात दोन-तीन दिवसांत बंद होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच यकृत साठवलेली साखर सोडू लागते, खांद्यांमधील तपकिरी चरबी जळून ऊब देते आणि आजवर वारेने वाहिलेला घाणीचा भार मूत्रपिंडे स्वतःवर घेतात. आपल्या विद्यार्थिनीने प्रकरणे एकामागून एक वाचण्यापूर्वी हे काही तास कागदावर काढून पाहावेत, आणि प्रत्येक बाणाशेजारी त्या पाण्यात काय आले व काय गेले, ते लिहावे.